पेरणी एकाची, सत्कार दुसऱ्याचा

"शास्त्रज्ञाला धंदा कळत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कुणी उच्चारलं की वाद घातल्याशिवाय राहवत नाही. आज घालतोच.

निमित्त तसं किरकोळ. आमचा एक भाचा परदेशात औषधांच्या धंद्यात आहे. त्याने घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. कुठल्याशा छोट्या जैवतंत्रज्ञान कंपनीचा प्रमुख (त्याच्या भाषेत सीईओ) बदलला. आधीचा होता तो कंपनी काढणारा शास्त्रज्ञ. आता आला तो मोठ्या औषध कंपनीत मुरलेला व्यवस्थापक. त्याच दिवशी शेअर वर गेला. खाली भाच्याची टिप्पणी, "शेवटी एकदाचा जाणता माणूस आणला!" आणि त्याखाली झाडून सगळ्या नातेवाइकांचे अंगठे.

आता गंमत बघा. नव्या माणसाने अजून टेबलाचा खणसुद्धा उघडला नव्हता. पण निकाल लागला होता. जुना नापास, नवा पहिल्या वर्गात!

भाच्याशी माझं भांडण नाही. तो हुशार आहे आणि माझ्यापेक्षा त्याला या धंद्यातलं पुष्कळ जास्त कळतं. भांडण आहे ते या हिशेबाच्या पद्धतीशी. माझं म्हणणं सरळ सांगतो. औषध शोधणाऱ्या कंपनीत एका प्रमुखाच्या कारकिर्दीत जे यश दिसतं ते बहुतेक वेळा आधीच्याने पेरलेलं असतं, आणि तो स्वतः जे पेरतो ते नंतरच्याच्या पदरात पडतं. त्यामुळे 'अमुक आला आणि कंपनी सुधारली' ही गोष्ट ऐकायला छान असली तरी अर्धी खोटी असते. आणि या अर्ध्या खोट्यावर माणसं नेमली जातात, काढली जातात, प्रयोगशाळा बंद होतात.

साबणाच्या कारखान्याचं वेगळं आहे. नवा मॅनेजर आला, त्याने वेष्टण बदललं, दर कमी केला, विक्रेत्यांना दोन पैसे जास्त सोडले, तर सहा महिन्यांत विक्री वाढली की नाही ते कळतं. बरं-वाईट त्याच्याच नावावर मांडता येतं. औषधाचं तसं नाही. आधी शरीरातला एखादा धागा सापडावा लागतो, मग प्रयोगशाळा, मग प्राणी, मग माणसांवरच्या चाचण्या, मग सरकारी मंजुरी. दहा-पंधरा वर्षं सहज जातात. तेवढ्यात दोन-तीन प्रमुख येऊन जातात.

हवेत बोलत नाही. या धंद्याच्या अगदी बाल्यावस्थेतलं उदाहरण घेऊ.

१९७८ साली युरोपातले आणि अमेरिकेतले काही नामवंत शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी बायोजेन नावाची कंपनी काढली. ठाणं जिनिव्हात. त्यांच्यात हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट होते, एडिंबरोचे केनेथ मरे होते, झुरिकचे चार्ल्स वाइसमान होते. कल्पना अशी की माणसाच्या शरीरातलं उपयोगी प्रथिन बनवणारं जनुक उचलायचं, जीवाणूच्या पोटात घालायचं आणि त्याच्याकडून ते प्रथिन हवं तेवढं बनवून घ्यायचं. आज हे पाठ्यपुस्तकात आहे. तेव्हा लोक याला घाबरत होते. खुद्द हार्वर्ड ज्या गावात आहे त्या केंब्रिजच्या नगरपरिषदेने १९७६ साली अशा प्रयोगांना काही काळ बंदी घातली होती!

गिल्बर्ट यांना १९८० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनएची अक्षरं वाचायची रीत शोधल्याबद्दल. आणि पुढच्याच वर्षी हे गृहस्थ कंपनीचे प्रमुख झाले. हार्वर्डची प्राध्यापकी, जिच्यासाठी लोक जन्म घालवतात, तीही सोडली. त्यांनी कंपनी पसरवली. जिनिव्हात प्रयोगशाळा, केंब्रिजला प्रयोगशाळा, झुरिक आणि बेल्जियममधल्या गेंटलाही काम. १९८३ साली शेअर बाजारात उतरून पैसा उभारला. पण खर्च जमेपेक्षा भारी. विकायला स्वतःचं औषध एकही नाही. तोटा साचत गेला आणि १९८४ च्या डिसेंबरात गिल्बर्ट पायउतार झाले. पुढे पुन्हा हार्वर्डला गेले.

१९८५ साली त्यांच्या जागी जेम्स व्हिन्सेंट आले. अॅबट या मोठ्या औषध कंपनीत वाढलेले, व्यवस्थापनात मुरलेले. त्यांनी खर्चाला कात्री लावली. माणसं कमी केली. जिनिव्हाची प्रयोगशाळा १९८७ साली ग्लॅक्सोला विकली. कंपनीकडे जी पेटंटं होती ती दुसऱ्या मोठ्या कंपन्यांना वापरायला देऊन रॉयल्टी नीट वसूल करायला सुरुवात केली. दशक संपता संपता कंपनी सावरली.

झाली गोष्ट तयार! प्राध्यापकाने बुडवली, व्यवस्थापकाने तारली. व्यवस्थापनाच्या वर्गात सांगायला किती सोयीची!

पण आता जरा तारखा मांडू. (मास्तराची खोड. फळ्यावर तारखा लिहिल्याशिवाय इतिहास सुरू होत नाही.)

व्हिन्सेंट यांच्या काळात पैसा आला तो कशातून? एक, अल्फा इंटरफेरॉन. वाइसमान यांच्या गटाने त्याचं जनुक जीवाणूत बसवल्याची घोषणा कधीची? जानेवारी १९८० ची. शेरिंग-प्लाऊ या कंपनीने त्यावरून केलेल्या औषधाला अमेरिकेत मंजुरी कधी मिळाली? जून १९८६. म्हणजे गिल्बर्ट बाहेर पडल्यावर दीड वर्षाने! दोन, 'बी' प्रकारच्या काविळीची लस. तिच्यामागे मरे यांचं सत्तरच्या दशकाच्या अखेरचं काम होतं. जनुकतंत्राने बनवलेली ती लस अमेरिकेत पहिल्यांदा मंजूर झाली तीही १९८६ सालीच.

पुढे १९९६ साली बायोजेनने स्वतःच्या नावावर मोठं औषध बाजारात आणलं, अॅव्होनेक्स. मज्जातंतूंच्या 'मल्टिपल स्क्लेरोसिस' या आजारावरचं. ते म्हणजे बीटा इंटरफेरॉन. त्याच्या जनुकावर गेंटमध्ये वॉल्टर फियर्स यांच्या गटाने काम केलं ते १९८० साली. सोळा वर्षं! व्हिन्सेंट येऊनही तोवर अकरा वर्षं झाली होती.

म्हणजे काय झालं? विहीर खणणाऱ्याला पाणी लागायच्या हातभर आधी घरी पाठवलं, आणि रहाट बसवणाऱ्याच्या गळ्यात हार घातला.

इथे मला व्हिन्सेंट यांच्यावर अन्याय करायचा नाही. रहाट बसवणं हेही काम आहे, आणि ते त्यांनी चोख केलं. आपल्या घरात काय दडलं आहे हे त्यांनी ओळखलं, ते मातीमोलाने जाऊ दिलं नाही. गिल्बर्ट यांच्या हाताने पैसा तसाच वाहत राहिला असता तर १९८६ साल बघायला कंपनी उरली नसती, असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. चार ठिकाणी एकदम संसार थाटणं ही गिल्बर्ट यांची चूक होतीच. पण ती चूक होती खर्चाच्या वेगाची. कुठे खणायचं याची नव्हती. हे दोन वेगळे दोष आहेत, आणि "शास्त्रज्ञाला धंदा कळत नाही" या एका वाक्यात आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

आणखी एक. पहिल्याला जेमतेम तीन वर्षं मिळाली, दुसऱ्याला अकराहून अधिक. तीन तास आधी पेपर काढून घेतलेल्या मुलाची आणि वेळ पुरलेल्या मुलाची तुलना कुठल्या शाळेत करतात?

शाळेवरून आठवलं. मी ज्या शाळांत शिकवलं त्यांतल्या एकीत असंच झालं होतं. नवे मुख्याध्यापक जूनमध्ये रुजू झाले आणि पुढच्या वर्षी दहावीचा निकाल फार चांगला लागला. शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. आता ती मुलं गणितात का तरली? तर पाचवीपासून आठवीपर्यंत त्यांच्याकडून अपूर्णांक आणि बीजगणित घोटून घेणाऱ्या एक बाई होत्या. त्या आदल्या वर्षीच निवृत्त झाल्या होत्या. सत्काराला त्यांना कुणी बोलावलंही नाही. मुख्याध्यापक वाईट नव्हते हो! शिस्तीचे होते. पण एका वर्षात गणित येत नसतं, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरी टाळ्या वाजत होत्या. कंपन्यांच्या बातम्या वाचताना मला त्या टाळ्या ऐकू येतात.

"एकाच कंपनीवरून किती बोलाल?" असं भाचा विचारेल. बरं, दुसरी घेऊ.

जेनेन्टेक. १९७६ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट बॉयर हे शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वानसन हा तिशीही न गाठलेला गुंतवणुकीच्या धंद्यातला तरुण, या दोघांनी काढली. स्वानसन १९९० पर्यंत प्रमुख होते. त्यांच्यानंतर कर्क राब आले. हेही अॅबटमधूनच आलेले, अनुभवी, व्यवस्थापक म्हणून नाव असलेले. म्हणजे भाच्याच्या शब्दांत 'जाणता माणूस'. १९९५ साली त्यांना जावं लागलं. कारण? रोश ही कंपनी जेनेन्टेकची मोठी भागधारक होती, आणि राब यांनी आपल्या वैयक्तिक कर्जाला हमी राहण्याची गळ रोशला घातली होती. संचालक मंडळाला हे कळलं आणि विषय संपला. त्यांच्या जागी आले आर्थर लेव्हिन्सन. ते १९८० पासून कंपनीतच होते. शास्त्रज्ञ म्हणून! प्रयोगशाळेतून प्रमुखाच्या खोलीत. आणि पुढची वर्षं जेनेन्टेकच्या भरभराटीची ठरली.

तेव्हा 'शास्त्रज्ञ वाईट, व्यवस्थापक चांगला' हे सूत्र इथेच मोडलं. पण थांबा, लगेच 'शास्त्रज्ञच चांगला' असं उलटं सूत्र मांडायला मी निघालेलो नाही. तेही तितकंच चुकीचं. लेव्हिन्सन यांच्या काळात १९९८ साली हर्सेप्टिन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध आलं. विशिष्ट जनुकाचा अतिरेक असलेल्या गाठींवर नेमकं बसणारं, त्या आजाराची वाटच बदलणारं. ते जनुक जेनेन्टेकमध्ये अॅक्सेल उलरिच यांच्या गटाने हाती घेतलं १९८५ साली. तेव्हा प्रमुख स्वानसन. चाचण्या सुरू झाल्या तेव्हा प्रमुख राब. मंजुरी आली तेव्हा प्रमुख लेव्हिन्सन. एक औषध, तेरा वर्षं, तीन प्रमुख! आणि खुद्द उलरिच १९८८ सालीच कंपनी सोडून जर्मनीला गेलेले.

आता सांगा, हर्सेप्टिन कुणाच्या खात्यावर मांडायचं? स्वानसन यांच्या? त्यांनी फळ पाहिलं ते बाहेरून. लेव्हिन्सन यांच्या? त्यांना झाड वाढलेलं मिळालं. आणि ज्या राब यांना नामुष्कीने जावं लागलं, त्यांच्या काळात ते कुणी उपटून टाकलं नाही, हेही जमेलाच धरावं लागेल. खरा हिशेब असा गुंतागुंतीचा असतो. 'अमुक आला आणि चमत्कार झाला' यात तो बसत नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणू नये. आज आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांत 'बी' काविळीची लस टोचतात, ती याच तंत्राची लेक. बेंगळुरूच्या बायोकॉनने हर्सेप्टिनच्या जातीचं औषध २०१४ साली भारतात कमी दरात आणलं. आपल्या ओळखीपाळखीत एखादी मावशी, एखादी वहिनी त्यावर बरी झालेली असेल. ती कुणामुळे बरी झाली याच्या साखळीत अशी कितीतरी माणसं आहेत, ज्यांना मध्येच कुणीतरी "आता पुरे" म्हणू शकलं असतं.

माझा राग आहे तो इथे. श्रेय चुकीच्या माणसाला मिळालं, एवढीच गोष्ट असती तर मी लिहायला बसलो नसतो. श्रेय काय, जगात रोजच इकडचं तिकडे जातं. पण या चुकीच्या हिशेबातून पुढचा प्रमुख धडा घेतो. त्याला कळतं की आपलं प्रगतिपुस्तक दोन-तीन वर्षांत भरलं जाणार. मग तो असं काही सुरू करील का, जे त्याच्यामागून बारा वर्षांनी पिकेल? तो सोपं काम करील. प्रयोगशाळा बंद, माणसं कमी, खर्च खाली, शेअर वर. काटकसर ताबडतोब दिसते. तिची किंमत दहा वर्षांनी कळते, आणि तीही कळतेच असं नाही. कारण जे औषध झालंच नाही त्याची बातमी कशी येणार? न जन्मलेल्या औषधाचं सुतक कुणी पाळत नाही.

शेतकऱ्याच्या घरात हे शिकवावं लागत नाही. सणाला पैसे नाहीत म्हणून कुणी बियाण्याचं पोतं विकत नाही. आणि विकलंच, तर त्याला गावात जाणता म्हणत नाहीत.

"पण लोकांनी पैसे गुंतवलेत, त्यांनी किती थांबायचं?" हा आक्षेप रास्त आहे. पैसा बुडताना हातावर हात ठेवून बसा असं मी म्हणत नाही. प्रमुख बदलावा लागतो, कधी कधी तातडीने. पण औषध शोधणाऱ्या कंपनीत पैसे घातले की ते दहा वर्षांचे, हे पैसे घालणाऱ्याने आधीच समजून घ्यायला हवं. पी हळद नि हो गोरी, असं ज्याला पाहिजे असेल त्याने साबणाच्या कारखान्याचे शेअर घ्यावेत. तोही प्रामाणिक धंदा आहे. आंब्याची कलमं लावणाऱ्याच्या बागेत जाऊन तीन महिन्यांत "कोथिंबीर कुठे आहे" विचारू नये.

मग प्रमुख बदलल्याची बातमी वाचताना काय बघायचं? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन-चार साध्या गोष्टी. जुन्याने कोणती कामं अर्धी सोडली आहेत, आणि नवा त्यांतली कोणती पुढे नेणार, कोणती बुडवणार? गाठीशी किती वर्षांचा पैसा आहे? प्रमुखाबरोबर प्रयोगशाळेतली माणसंही बाहेर पडताहेत का? (ती गेली की खरी काळजी. खुर्ची भरता येते, हाताला लागलेली सवय भरून येत नाही.) आणि नव्याचं बक्षीस कशाशी बांधलं आहे? पुढच्या वर्षीच्या भावाशी, की दहा वर्षांनी रोग्याच्या हातात काय पडलं याच्याशी?

यांतल्या एकाचंही उत्तर शेअर त्या दिवशी किती चढला यात नसतं. आणि जायच्या माणसाला निरोप देताना निदान एवढं तरी म्हणावं, की बाबा रे, तू काय पेरलंस ते अजून उगवायचं आहे, तुझा निकाल आम्ही राखून ठेवतो. बोर्डाच्या परीक्षेत 'निकाल राखीव' अशी सोय असते. बाजारात का असू नये?

असो. ग्रुपवर मी अंगठा दिलेला नाही. भाच्याला एवढंच लिहिलं, "नव्या गृहस्थांचं अभिनंदन. २०४० साली सविस्तर बोलू." तोवर मी असेन-नसेन. तू असशील. हिशेब मात्र तारखा लावून मांड.